विचारपूस

वॉर्डातल्या सिस्टरने गॉझमध्ये गुंडाळलेलं काहीतरी तिच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "हे तुमच्याकडेच ठेवा हं. इथे हरवतात." ती पुढे निघूनही गेली, आणि हातातलं ओलं, कोमट ओझं काय आहे हे कळायला तिला क्षणभर वेळ लागला. बाबांची कवळी. वरची आणि खालची, एकमेकींवर बसलेली, गॉझच्या जाळीतून गुलाबी दिसणारी. लोक स्ट्रेचरला वाट द्यायला भिंतीशी सरकत होते, तीही सरकली, पण हात तसाच पुढे धरून, जणू कुणी तिच्या हातावर प्रसूत होऊन गेलं होतं. पन्नाशी उलटली तरी तिने बाबांची कवळी बाबांच्या तोंडाबाहेर कधी पाहिली नव्हती. सकाळी ते मोरीतून बाहेर यायचे ते दात घालूनच, आणि रात्री त्यांच्या खोलीचं दार लागल्यावर काय होत असेल ते होत असेल. तिने पर्स उघडली, चष्म्याच्या घरातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि त्या घरात कवळी ठेवून झाकण लावलं. झाकण लागताना जो आवाज झाला तो अगदी व्यवहारी होता. मग ती बाबांच्या खाटेकडे गेली.

बाबा दात करायचे. लोक त्यांना दातवालेच म्हणत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ते पाहुण्यांना सांगायचे, "आमचं तर घर बांधून झालं." घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. प्लास्टरची पांढरी धूळ, वितळलेल्या मेणाचा वास, फळीवर ओळीने मांडलेले अनोळखी माणसांच्या जबड्यांचे साचे, आणि त्या सगळ्यांत बसून ती लहानपणी पाढे पाठ करायची. गिऱ्हाईक आलं की मात्र बाबा तिला आत पाठवायचे. एकदा ती पडद्याआडून बघत राहिली. एक जाडजूड, रुबाबदार गृहस्थ खुर्चीत बसले होते आणि त्यांचं तोंड एखाद्या रिकाम्या पिशवीसारखं आत गेलं होतं. बाबांनी आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला होता. नवे दात बसले, दोनदा घासून पुन्हा बसले, मगच आरसा फिरला. गिऱ्हाईक गेल्यावर बाबांनी तिला कानाला धरून बाहेर काढलं. एरवी ते कधी हात लावायचे नाहीत. "चिमे, दात नसलेल्या माणसाकडे बघायचं नाही. तो नागडा असतो. आणि नागडा माणूस खरं बोलत नाही, लपतो." आई गेली तेव्हाही असंच. आईचं तोंड उघडं राहिलं होतं, हनुवटी आत गेली होती, तिकडे नातेवाईक जिना चढत होते आणि बाबा कुणाशी न बोलता आईच्या उशाशी वाकून तिचे दात बसवत होते. मग रुमालाने ओठांचे कोपरे टिपून ते म्हणाले, "आता येऊ दे सगळ्यांना." तिला तेव्हा रडूही आलं होतं आणि रागही. बाईला जाऊन तास झाला नाही आणि याला दातांचं पडलंय, असं तिला वाटलं होतं.

आता ते खाटेवर होते आणि त्यांनी तोंडावर हात धरला होता. ताप चढल्यावर तिनेच त्यांना इथे, सरकारी रुग्णालयात आणलं होतं. कपाळ चकाकत होतं, पण डोळे स्वच्छ होते. चादरीखाली डावा पाय पट्ट्यांत गुंडाळलेला. त्या पायाचा वास औषधांच्या वासातूनही येतच होता. एक साधा फोड, नव्या चपलेचा. साखरेच्या आजारात फोडाला साधं म्हणायचं नसतं हे तिला ठाऊक होतं, बाबांना त्याहून जास्त ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी मोजे घालून तो लपवला. तिने एके दिवशी जबरदस्तीने मोजा ओढला तेव्हा दोन बोटं काळी पडली होती. बाहेरच्या एका सर्जनने गुडघ्याखालून पाय काढावा लागेल असं सांगितलं. बाबांनी नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, "नाही काढला तर?" विष वर चढेल, म्हणाला तो, किती दिवस ते सांगता येत नाही. "चालेल," बाबा म्हणाले. सर्जन गोंधळला. "काय चालेल?" "जेवढं चालेल तेवढं." आणि स्वतःच्याच कोटीवर खूश होऊन ते हसले, स्वतः घडवलेल्या त्या सुरेख, किंचित पिवळट दातांनी, पांढरेशुभ्र दात खोटे दिसतात असं त्यांचं मत होतं. घरी येताना गाडीत त्यांनी तिला बजावलं होतं. "चिमे, पाय कापायचा नाही. मी शुद्धीत सांगतोय, नंतर बेशुद्धीतलं काही धरू नकोस. दुसऱ्याच्या खांद्यावरून संडासला जायचं वय माझं एकदाच होतं, ते झालं. मला आता कुणी उचललेलं नको." ती गाडी चालवत होती. ती "बघू" म्हणाली. "बघू नाही," बाबा म्हणाले, "ऐक." तिने सिग्नलकडे बघितलं. तो हिरवाच होता.

आणि ऐकणं हा तर तिचा धंदाच होता. आरोग्य खात्यात तिची सगळी नोकरी झाली, आणि नोकरीतलं एकच काम तिला आपलं वाटायचं. सरकारी रुग्णालयांत म्हाताऱ्या माणसांना कसं वागवावं याची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं. मसुदा तिचा होता. वृद्ध रुग्णाच्या देखत त्याच्याविषयी त्याच्या नातेवाइकांशी बोलू नये. वय हे नकाराचं कारण असू नये, आणि सक्तीचंही असू नये. ज्याला कळतं त्याचा नकार हा नकारच मानावा, मग तो घरच्यांना कितीही कडू लागो. 'कडू' हा शब्द समितीने काढला. आणि रुग्णाला कळतं की नाही हे ठरवण्याआधी त्याचा चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी त्याला परत द्यावी. या वाक्यावर बैठकीत हशा पिकला होता. "मॅडम," साहेब म्हणाले होते, "चष्मा समजलो, कानाचं मशीन समजलो. धोरणात कवळी? उद्या म्हणाल, कंगवाही द्या." मोठं टेबल, त्यावर बिस्किटांच्या बशा, सगळे हसले आणि हसताना सगळ्यांचे दात दिसले. ती हट्टाला पेटली. म्हणाली, दात नसले की माणूस बोलत नाही, आणि तो बोलला नाही की तुम्ही म्हणता त्याला समजत नाही. शेवटी तडजोड झाली. चष्मा आणि श्रवणयंत्र मुख्य मजकुरात राहिलं, कवळी मागे परिशिष्टात गेली. परिशिष्ट कोण वाचतं? पण ती त्या दिवशी जिंकल्यासारखी घरी आली होती. प्रकाशनाच्या समारंभात एका म्हाताऱ्या गृहस्थांना खास आणून व्यासपीठावर बसवलं होतं, पुष्पगुच्छ दिला होता, फोटो काढले होते. त्यांना बोलायला मात्र कुणी सांगितलं नाही. कार्यक्रम लांबला होता. ते गुच्छ मांडीवर धरून शेवटपर्यंत बसले होते, आणि उठताना त्यांनी तिला हळूच विचारलं होतं, "हा परत द्यायचा असतो का?"

तरुण डॉक्टर आला तेव्हा ती खाटेशेजारच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. भला मुलगा होता. त्याने स्वतःचं नाव, हुद्दा सगळं बाबांना सांगितलं, तिला नाही. मग तो तिच्याकडे वळून जरा संकोचून म्हणाला, "पायाचं ऑपरेशन लवकर करायला हवं. पण आधी मला आजोबांशी बोलावं लागेल. ज्येष्ठांसाठी तत्त्वं आहेत आमच्याकडे, त्याप्रमाणे त्यांना स्वतःला विचारावं लागतं. त्यांना कळत असेल आणि ते नाही म्हणाले, तर नाही." "हो," ती म्हणाली. ती तत्त्वं कुणी लिहिली हे त्याला ठाऊक नव्हतं आणि तिने सांगितलं नाही. "चष्मा लागतो त्यांना?" "वाचायला फक्त." "ऐकू येतं?" "चांगलं येतं." तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून तिला दिसलं की तो मनात यादी आठवतोय, आणि हेही दिसलं की यादी संपली. पर्समध्ये, तिच्या मांडीवर, चष्म्याच्या घरात ती तिसरी वस्तू होती. तिच्या मनात काहीच आलं नाही असं तिला पुढे कित्येकदा वाटून घ्यायचं होतं. पण आलं होतं. अगदी स्पष्ट आलं होतं, पूर्ण वाक्यात: आता मी हे काढलं तर बाबा मरतील.

"आजोबा, मी काय बोलतोय ते कळतंय ना?" बाबांनी मान हलवली. "मग सांगा बरं, तुमच्या पायाला काय झालंय?" बाबांचे ओठ आत वळले होते, घट्ट मिटलेले. डॉक्टर थांबला, तो खरंच थांबला, घाई करत नव्हता. "बरं, ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? माहीत आहे?" बाबांनी पुन्हा मान हलवली. "काय होईल? तुमच्या शब्दांत सांगा." शेजारच्या खाटेवरचा माणूस कुतूहलाने कुशीवर वळला होता. पलीकडे कुणाचे तरी चार नातेवाईक उभे होते. बाबांनी त्या सगळ्यांकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग तिच्या मांडीवरच्या पर्सकडे. त्यांचा उजवा हात चादरीतून बाहेर आला आणि तिच्या दिशेने उघडा, तळवा वर करून, थांबला. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं असताना ते असाच हात मागे करायचे आणि आई त्यावर हवं ते हत्यार ठेवायची, त्यांनी न बघता, तिने न विचारता. "बघा," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाला, "तुमचा हात मागतायत."

तिने त्या तळव्यावर आपला हात ठेवला.

तो तळवा भाजत होता. बाबांनी बोटं मिटली नाहीत. तिचा हात तिथे नुसता पडून राहिला, चुकून दुसऱ्याच्या टेबलावर ठेवलेल्या वस्तूसारखा. बाबा तिच्याकडे बघत होते, आणि ते डोळे गोंधळलेल्या माणसाचे नव्हते, ते हिशेबाला पक्के होते. मग त्यांनी डाव्या हाताने तोंड झाकलं आणि हाताआडून काहीतरी म्हणाले, एक ओलसर, फुसका आवाज. पलीकडच्या नातेवाइकांतली एक मुलगी फिसकन हसली आणि तिला कुणीतरी गप्प केलं. बाबांनी तोंडावरचा हात काढला नाही आणि पुन्हा बोलण्याचा प्रयत्नही केला नाही. "याआधी घरी काही म्हणाले होते?" डॉक्टरने तिला विचारलं. "ऑपरेशनबद्दल? हवं-नको काही?" तिचा आवाज ऑफिसातला, स्वच्छ आला. "नाही. स्पष्ट असं काही नाही." तिच्या हाताखालचा हात तेव्हा निघून गेला. झटका नाही, राग नाही. माणूस गर्दीच्या खोलीतून कुणाला न सांगता निघून जातो तसा. बाबांनी डोळे मिटले. डॉक्टर म्हणाला, ताप मेंदूपर्यंत चढतो या वयात, असं होतं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आता निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल. त्याने दाखवलं तिथे तिने सही केली. सही नेहमीसारखी आली, शेवटच्या अक्षराला तिचा तो जुना, जरा मिरवणारा फराटा होता.

ऑपरेशन चालू असताना नवरा शेजारी बसला होता. "योग्य केलंस," तो म्हणाला. "दुसरं काय करणार होतीस? उद्या लोक म्हणाले असते, आरोग्य खात्यात असून बापाचा पाय कुजू दिला." लोकांचा विचार तिच्या मनात आला नव्हता असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. काय काय मनात होतं हे तिला आता वेगळं काढता येत नव्हतं. आईची हनुवटी होती. फोन वाजल्यावर "काय गं चिमे" म्हणणारं या जगात आता एकच माणूस उरलंय हे होतं. लोक काय म्हणतील हेही कुठेतरी होतं, पायाच्या वासासारखं, औषधाखाली. आणि या सगळ्याला प्रेम म्हणतात, नाही का? सगळ्या मुली असंच करतात, सगळे मुलगे असंच करतात, म्हणून तर तत्त्वं लिहावी लागतात. बाबांच्या जागी दुसऱ्या कुणाचा बाप असता तर तिने त्या मुलीला बोलावून घेतलं असतं, पाण्याचा पेला पुढे ठेवला असता आणि नेमक्या, सौम्य शब्दांत समजावलं असतं की बाई, तुमचं प्रेम तुमच्यापाशी, पाय त्यांचा आहे. हे ती कितीदा बोलली होती. भाषणांत बोलली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

बाबा वाचले. सगळे म्हणाले, या वयात एवढी चांगली जखम भरलेली पाहिली नाही. ते शुद्धीवर आल्यावर तिने चष्म्याचं घर उघडून कवळी धुऊन त्यांच्यापुढे धरली, तेव्हा त्यांनी ती घेतली, भिंतीकडे तोंड फिरवलं, बसवली, आणि पुन्हा फिरले. चेहरा पूर्वीचाच झाला. "पाणी देऊ?" तिने विचारलं. ते खाटेपाशी आलेल्या सिस्टरकडे बघून म्हणाले, अगदी शुद्ध, प्रत्येक अक्षर जागच्या जागी, "तिला विचारा."

सिस्टर हसली. तीही हसली. पण ते तसंच चालू राहिलं. त्यांचं घर बंद करून तिने त्यांना आपल्याकडे आणलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी विचारलं, आजोबा, आज कुबड्यांवर उभं राहायचं का? "तिला विचारा." दुखतंय का? "तिला विचारा." रागाने नाही, टोमणा नाही, दुकानात चुकून आलेल्याला शेजारचं दुकान दाखवावं तितक्या सौजन्याने. बाकी ते बोलायचे. नवऱ्याशी क्रिकेटवर बोलायचे, खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला कवळी कशी घासावी ते समजावायचे. स्वतःबद्दलचं काही आलं की तेवढं तिच्याकडे. उठवलं की उठायचे. जेवायला वाढलं की जेवायचे, वाढलेलं सगळं, आणि थांबायचे. दुसऱ्यांदा वाढलं तर तेही. एकदा तिने बघण्यासाठी वाढतच नेलं आणि ते खातच गेले, शेवटी तिनेच घाबरून ताट उचललं. नवरा म्हणाला, "अगं, वयाने होतं असं. लहान मूल होतात." ती म्हणाली, "हो."

साहेब एका रविवारी फळं घेऊन आले. मार्गदर्शक तत्त्वांची नवी आवृत्ती निघत होती. त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला. "बाबा, तुमच्या लेकीमुळे किती म्हाताऱ्यांना आज मानाने विचारलं जातं, कल्पना आहे? भांडून भांडून एकेक शब्द घातलाय तिने. नव्या आवृत्तीत एका रुग्णाचं मनोगत घालायचंय, तर म्हटलं घरचाच माणूस. सांगा, काय अनुभव आला तुम्हाला?" बाबा मन लावून ऐकत होते. मग त्यांनी दात दाखवून हसून मानेनेच तिच्याकडे खूण केली. "तिला विचारा." साहेब खोखो हसले. "वा! इतका विश्वास! हेच छापू या, मॅडम. 'तिला विचारा.' याहून जास्त काय बोलायचं?" आणि ते छापलंही. जाड, देखण्या कागदावर.

साहेब गेले त्या दुपारी ती बाबांसमोर जमिनीवरच बसली. नवरा बाहेर गेला होता. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही माझा हात मागितला नव्हता. मला कळलं होतं." हे वाक्य कसं म्हणायचं याची तिने इतकी तयारी केली होती की प्रत्यक्षात ते पाठांतरासारखं आलं. बाबांनी मांडीवरची घडी नीट केली, पायजम्याची ती रिकामी बाजू ते गुडघ्याखाली दुमडून ठेवत.

"माहितीये," ते म्हणाले.

"मग भांडा ना माझ्याशी. ओरडा. काहीही म्हणा."

"तुला कळलं नाही असं वाटलं असतं, तर भांडलो असतो." ते विचार करून बोलत होते, कुणाला तरी कामातली अडचण समजावून सांगावी तसे. "न कळणाऱ्याशी माणूस भांडतो, त्याला कळावं म्हणून. तुला सगळं कळत होतं. मग भांडून काय कळवायचं?"

"तुम्ही मेला असता, बाबा."

"हो," ते म्हणाले. "ते माझं होतं."

तिने क्षमा वगैरे मागितली नाही. त्या खोलीत त्या शब्दाला कुठे ठेवावं अशी जागा नव्हती. ती उठून स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला. परत आली तेव्हा ऊन फिरून खिडकीतून सरळ खुर्चीवर आलं होतं. बाबांच्या थेट डोळ्यांत येत होतं. त्यांनी मान वळवली नव्हती, हात आडवा धरला नव्हता. उघड्या डोळ्यांनी ते समोर बघत होते आणि त्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नुसतं उन्हाचं पाणी. "पडदा ओढू?" तिने विचारलं. उत्तर आलं नाही. खोलीत तिसरं माणूस नव्हतं, त्यामुळे 'तिला विचारा' म्हणायलाही कुणी नव्हतं. "बाबा, ओढू का पडदा?" ते थांबले होते, सौजन्याने, जे होईल त्याची वाट बघत. तिने पडदा अर्धा ओढला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पूर्ण ओढला. खोली अंधारी झाली, त्यांना अंधार कधीच आवडायचा नाही, म्हणून तिने तो पुन्हा थोडा उघडला, उन्हाची पट्टी त्यांच्या हातावर येईल इतका. मग ती पट्टी तापेल असं वाटून पुन्हा मिटला. पडद्याच्या कड्या मागे-पुढे वाजत राहिल्या. बाबांनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही, आणि ती पडद्याचं टोक मुठीत धरून तिथेच उभी राहिली.